तळाशी बसलेलं औषध

पदार्थविज्ञानाच्या संस्थेत तिला सगळे चिकटबाई म्हणत. एक तर तिचं कामच चिकट द्रवांचं होतं, आणि दुसरं म्हणजे एखाद्या प्रश्नामागे ती हात धुऊन लागली की तो सुटेपर्यंत पिच्छा सोडत नसे. सहकारी आणखी एक कारण पसरवायचे, की सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या ती कुणाला उसन्या देत नाही. त्यावर ती म्हणे, "परत आणून देणारा एक माणूस दाखवा, लगेच देते."

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. पाणी वाहतं, दगड जागचा हलत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण कितीतरी गोष्टी या दोन्हींच्या मधल्या असतात. टूथपेस्ट ब्रशवर मुकाट बसून राहते आणि नळी दाबली की वाहते. शांपू, मलम, भिंतीचा रंग, छापखान्याची शाई, नाकातला शेंबूड, सगळी याच घराण्यातली. अशा द्रवात ती डोळ्यांना न दिसणारे बारीक मणी सोडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची हालचाल बघत बसायची. मणी कधीच स्वस्थ नसतात. द्रवाचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात, त्यामुळे ते सारखे थरथरतात, इकडेतिकडे सरकतात. पाण्यात मणी मोकाट भटकतो. मलमात तो एका जागी अडकून धडपडतो, आणि मधेच सटकून पुढे जातो. त्या धडपडीवरून तो द्रव आतून कसा विणलेला आहे, हे तिला ओळखता यायचं.

सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "दिवसभर काय करतेस गं तिथं?"

"शेंबडात मणी सोडून बघते," ती म्हणाली होती.

सासूबाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. शेजारणींना मात्र त्या सांगायच्या, की सूनबाई फुप्फुसाच्या औषधावर काम करते. त्यात अगदीच खोटं नव्हतं.

नवरा बस चालवायचा. त्यांची ओळखही बसमध्येच झाली. ती संशोधन करणारी विद्यार्थिनी असताना एका दूरच्या प्रयोगशाळेत नमुने घेऊन जायची, आणि चालकाच्या मागच्याच जागेवर मांडीवर डबा धरून बसायची. गतिरोधक आला की दरवेळी म्हणायची, "जरा हळू घ्या ना." शेवटी त्याने आरशातून बघत विचारलं होतं, "अंडी आहेत का डब्यात?" ती म्हणाली, "अंडी असती तर एवढी काळजी केली नसती." पुढचे काही महिने त्या मार्गावरचे प्रवासी बस फार हळू चालते म्हणून कुरकुरत राहिले. मग लग्न झालं आणि बस पुन्हा वेळेवर धावायला लागली.

त्याची मोठी बहीण, म्हणजे हिची नणंद, गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. शहरातून तिकडे जायचा रस्ता लांबचा आणि जागोजागी उखडलेला. वन्स घरीच शिवणकाम करत. त्यांची मुलगी नावाप्रमाणे नव्हे, टोपणनावाप्रमाणे वाढत होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि ती खरोखरच पाय जमिनीला न लागू देणारी पोर होती. पण शाळेत जायला लागली त्याच सुमारास तिला झटके यायला लागले. डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे. गोळी तिच्या घशाखाली उतरायची नाही, म्हणून डॉक्टरांनी बाटलीतलं पातळ औषध दिलं. पांढरंशुभ्र, किंचित गोड. औषध लागू पडलं, पण नीट बसलं नाही. कधी पोरगी ठणठणीत, कधी झटके, आणि कधी दिवसभर गुंगीत.

एके दिवशी दुपारी ती आणि नवरा वन्सकडे गेले, तेव्हा भिंगरी भिंतीला धरून चालत होती. झोकांड्या जात होत्या. "मामी, घर हलतंय," ती हसत म्हणाली आणि मामाच्या पायाला मिठी मारून उभी राहिली.

वन्सनी शिवणयंत्रावरचं कापड बाजूला सारलं. "वहिनी, तू एवढी शिकलेली आहेस, मला एक सांग. औषध तेच, चमचा तोच, वेळही तीच. मग नवी बाटली उघडली की पोरीला झटके का येतात? आणि बाटली संपत आली की ती अशी झिंगल्यासारखी का चालते?"

"दरवेळी असंच होतं?"

"दरवेळी. मी आई आहे, मला कळत नाही का?"

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

वन्सचा आवाज एकदम बारीक झाला. "सांगितलं की. त्या म्हणाल्या, रक्तात औषध कधी कमी दिसतंय, कधी फार. म्हणजे तुम्ही डोस चुकवता आणि आठवलं की दुप्पट पाजता. सगळ्यांसमोर म्हणाल्या. घरी आल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, मला वाटलंच होतं, हिचं लक्ष सगळं शिवणात."

नवरा काहीतरी बोलणार होता. चिकटबाईने त्याला नजरेनेच थांबवलं.

"बाटली हलवून देता ना, वन्स?"

"हात दुखेपर्यंत हलवते. वाटलं तर शेजारच्यांना विचार."

"मला शेजाऱ्यांना नाही विचारायचं. बाटली द्या फक्त. रिकामी झालेली असेल तर तीसुद्धा."

वन्सनी संपत आलेली बाटली दिली आणि भिंगरीसाठी नवी उघडली. बाटली गडद तपकिरी काचेची होती. उजेडासमोर धरली तरी आतलं धड काही दिसत नव्हतं. परतीच्या वाटेवर चिकटबाई बसमध्ये ती बाटली कानाशी धरून हलवत होती, आणि मागचे प्रवासी एकमेकांकडे बघत होते.

संस्थेत काचकाम करणारा एक गृहस्थ होता. वाकड्यातिकड्या नळ्या, चंबू, काय वाटेल ते तो फुंकून बनवून द्यायचा. त्याने बाटली पाण्याखाली धरून चाकावर अलगद कापली आणि तळाचा भाग तिच्या हातात ठेवला. तळाशी पांढऱ्या रंगाची जाड वडी बसली होती. तिने चमचा टोचून बघितला, तो घसरला. नखाने खरवडलं, तर नखाखाली थोडी पूड आली.

"गिलावा केलाय का आतून?" काचवाला म्हणाला.

"औषध आहे. हे पोरीच्या पोटात जायला हवं होतं."

कसं घडत असेल ते तिला तिथल्या तिथे उमजलं. औषधाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगत असतात. हळूहळू ते तळाशी जाऊन बसले आणि त्यांची वडी झाली, की वर उरतं ते गोड पाणी. भरलेल्या बाटलीत आत हलायला जागाच नसते, त्यामुळे कितीही हलवा, वडी तशीच राहते आणि पोरीला चमचाभर गोड पाणी मिळतं. बाटली अर्धी झाली की आतला द्रव जोरात आदळायला लागतो, वडी झिजते, आणि मग उरलेल्या थोड्याशा द्रवात तिच्यातलं बरंच औषध उतरतं. आधी झटके, नंतर गुंगी. वन्स खरं तेच सांगत होत्या.

दुसऱ्याच दिवशी ती औषधाच्या कारखान्यात जाऊन पोचली. कारखाना लहानसाच, शहराच्या टोकाला. ज्याने हे औषध बनवलं तो रसायनतज्ज्ञ अजून तिथेच होता. केस पिकलेले, कोट कडक इस्त्रीचा, टेबलावर एक कागद वाकडा नाही. कारखान्यातले लोक त्याला दूधकाका म्हणत, कारण आपलं औषध दुधासारखं एकसारखं पांढरं दिसलं पाहिजे, यावर त्याचा कटाक्ष असायचा. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि मग आतल्या कोठीतून एक बाटली आणून टेबलावर ठेवली.

"तुमच्या नणंदेची बाटली ज्या घाण्यातली, त्याच घाण्यातली ही. आम्ही दरवेळी औषध बनवलं की त्या घाण्यातल्या काही बाटल्या ठेवून देतो. हलवा तुम्हीच."

तिने हलवली. आतून मऊ, सलग आवाज आला. त्याने बाटली उंच काचपात्रात उपडी केली. शेवटच्या थेंबापर्यंत दुधासारखं औषध उतरलं, आणि रिकाम्या बाटलीत तळाशी काही नव्हतं.

"उन्हात ठेवली असेल त्यांनी," दूधकाका शांतपणे म्हणाला. "नाहीतर पाणी घातलं असेल. लोक काय वाटेल ते करतात, बाई. तुमच्या घरातल्या माणसाबद्दल बोलायला मला बरं वाटत नाही, पण बाटली तुमच्यासमोर आहे."

तिने रिकामी बाटली हातात फिरवून बघितली. निघताना तिने त्याच घाण्यातल्या आणखी काही बाटल्या मागून घेतल्या, आणि त्यानेही त्या तोऱ्यात दिल्या. ज्याला आपल्या मालाची खात्री असते, तो माल द्यायला कशाला घाबरेल?

संस्थेत विभागप्रमुख सरांनी तिला खोलीत बोलावलं. सर वयाने मोठे, स्वभावाने चांगले, पण कामाच्या बाबतीत भयंकर सोवळे. "तुझा निबंध अर्धवट पडलाय आणि तू औषधाच्या बाटल्या कापत बसलीस, असं ऐकतो. हे संशोधन नाही. हे घरगुती भांडण आहे."

"मग सर, घरगुती कारणासाठी रजा द्या. प्रयोगशाळेतच बसून घेईन."

सरांना हसू आवरलं नाही. "किती दिवस?"

"सुटेपर्यंत."

"हेच ऐकायची भीती होती," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

कारखान्यातल्या औषधाचा थेंब तिने सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. कण एकमेकांपासून सुटे, प्रत्येक जण आपापल्या जागी मजेत थरथरत होता. कुणी कुणाला चिकटलं नव्हतं. दूधकाकाने प्रत्येक कणावर सारखाच विद्युतभार चढेल अशी व्यवस्था केली होती. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे कण सुटे राहतात, सावकाश खाली बसतात, आणि औषध फार काळ दुधासारखं दिसतं. कारागिरी वाखाणण्यासारखी होती. अशा औषधाचा गिलावा कसा होतो, ते काही तिच्या ध्यानात येईना. वन्सचा निरोप आला, की नव्या बाटलीवर भिंगरीला पुन्हा झटका आला. त्यांनी निरोपात आणखी एवढंच कळवलं होतं, की तुला वेळ नसेल तर राहू दे.

रविवारी ती स्वयंपाकघरात साखरेचा डबा भरत होती. पुडा संपेना आणि डबा तर काठोकाठ भरलेला. तिने सवयीने डबा ओट्यावर आपटला. साखर खाली बसली, वर जागा झाली. तिने उरलेली साखर ओतली, पुन्हा आपटला, आणि तशीच डब्यावर हात ठेवून उभी राहिली.

"काय झालं?" नवरा वर्तमानपत्रातून डोकावला.

"कोठीतली बाटली कुणी आपटलीच नाही."

"कोण आपटणार?"

"तू. म्हणजे तुझ्यासारखे. वन्स औषध घेतात त्या दुकानापर्यंत बाटली कशी जाते?"

"मालमोटारीने. आणि तो रस्ता म्हणजे..." त्याने पेपर खाली ठेवला. "तो रस्ता माझ्या बसचे नट ढिले करतो."

आता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. सुटे कण एकमेकांना अडवत नाहीत. धक्का बसला की एकमेकांवरून घरंगळत अचूक खाचेत जाऊन बसतात, आणखी धक्का बसला की आणखी घट्ट. इतके जवळ येतात, की मग त्यांना लोटणारा भारही पुरा पडत नाही आणि ते एकमेकांना कायमचे धरतात. जे गुण औषधाला कपाटात देखणं ठेवत होते, तेच रस्त्यावर त्याची वडी करत होते. कारखान्यातल्या बाटल्या कोठीच्या बाहेर कधी पडल्याच नव्हत्या.

पण हे सिद्ध करायला हवं होतं, नाहीतर डॉक्टरही औषध बदलणार नव्हत्या. प्रयोगशाळेत थरथरणारं टेबल होतं, पण दूधकाका म्हणाला असता, की टेबल म्हणजे काही रस्ता नव्हे. तिने निम्म्या बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या आणि निम्म्या खोक्यात घालून नवऱ्याच्या आगारात नेल्या. आगाराच्या व्यवस्थापकाने खोक्यात डोकावून बघितलं.

"हे कुठे उतरणार?"

"कुठेच नाही. नुसतं जाऊन येऊन बसायचं आहे, महिनाभर तरी."

"मग यांचा पास काढा," तो गंभीरपणे म्हणाला. त्याच्या भाच्याला दमा होता, आणि औषधाचं काम म्हटल्यावर त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. खोकं चालकाच्या मागच्या जागेखाली बांधलं गेलं. नवरा घरी आला की सांगायचा, आज तुझ्या बाटल्यांना पुलाजवळचा खड्डा मनसोक्त दाखवला. "आयुष्यभर मला हळू चालव म्हणालीस," तो म्हणायचा, "आणि आता खड्डे शोधायला लावतेस."

बाटल्या परत आल्या, तेव्हा तिने दूधकाकाला संस्थेत बोलावलं. त्याने यावं म्हणून फार गळ घालावी लागली नाही. आपलं औषध निर्दोष ठरताना बघायला त्याला आवडणारच होतं. तिने त्याच्यासमोर दोन बाटल्या ठेवल्या, एक कपाटातली आणि एक बसमधली. कोणती कुठली ते सांगितलं नाही.

"दोन्ही हलवा. लहान मुलाची आई हलवेल तशी."

त्याने पहिली हलवली आणि मान डोलावली. दुसरी हलवली, आणि त्याचा हात मधेच थांबला. त्याने ती पुन्हा हलवली, आणखी जोरात. मग कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दोन्ही हातांनी हलवली. काचवाल्याने तळ कापून दिला, तेव्हा दूधकाकाने खिशातली पेन्सिल काढून वडीला टोचून बघितलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्याने मोडकं टोक वडीवरून उचललं. मग म्हणाला, "मी माझं औषध कपाटात बघितलं. रस्त्यावर कधी बघितलं नाही." कोट पुन्हा अंगात घालत त्याने विचारलं, "तुमच्या नणंदेची मुलगी कशी आहे?"

"बरी नाही."

"मला त्यांना भेटायचंय. म्हणजे, त्यांची हरकत नसेल तर."

दूधकाकाने कारखान्यात जाऊन मालकाशी भांडून दुकानांतला सगळा माल परत मागवला. इतर गावांतूनही अशा बाटल्या मिळाल्या. जितका रस्ता लांब, तितकी वडी जाड. तोवर भिंगरीला रुग्णालयाचं औषधालय दर आठवड्याला ताजं औषध बनवून द्यायला लागलं. ते आणायला वन्सना शहरात खेप घालावी लागायची, पण त्याची त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

पहिल्या खेपेला चिकटबाई त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेली. तिने कापलेला तळ पिशवीत घेतला होता आणि काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. पण वन्सनी पिशवी तिच्या हातातून घेतली, तळ बाहेर काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"हे बघा," वन्स म्हणाल्या. "मी चुकवलेले डोस इथं बसलेत."

डॉक्टरांनी तळ उचलला, फिरवून बघितला, वडीला बोट लावलं. चिकटबाईने मग थोडक्यात सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर डॉक्टर उठल्या आणि टेबलाला वळसा घालून वन्सजवळ आल्या.

"मी तुम्हाला लोकांसमोर बोलले होते," त्या म्हणाल्या. "आता लोकांसमोरच सांगते." त्यांनी दार उघडलं. बाहेर बाकांवर बसलेल्या आयांपुढे त्या म्हणाल्या, "या बाईंनी एकही डोस चुकवलेला नाही. चूक औषधात होती आणि ती यांनी ओळखली. तुमच्यापैकी कुणाकडे हे औषध असेल तर आधी मला भेटा."

वन्स परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग वळून म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनाही असंच कुणीतरी दार उघडून सांगायला हवं."

"मी सांगते की, वन्स."

"नको. तो तळ दे मला. मीच सांगीन."

चूक सापडली होती, पण औषध अजून बनायचं होतं. इथे चिकटबाई आणि दूधकाका यांची खरी जुंपली. तिचं म्हणणं असं, की कणांना सुटं ठेवायचंच नाही. औषधात चिमूटभर क्षार घातला की त्यांच्यावरचा भार थोडा कमी होतो, मग कण एकमेकांना सैलसर धरतात आणि कापसासारखे पुंजके होतात. पुंजके खाली बसतात, पण फुगून बसतात. रस्त्याने कितीही धक्के खाल्ले तरी त्यांची वडी होत नाही, बाटली जरा हलवली की पुन्हा मिसळतात. तिने ते करून दाखवलं. दूधकाकाने बाटलीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. वर पाणी, खाली पांढरा गाळ.

"हे नासलेल्या दुधासारखं दिसतंय."

"दिसू दे."

"कोणती आई हे पोराला पाजेल? बघूनच फेकून देईल. तुम्ही कण बघता, बाई. मला माणसंही बघावी लागतात."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आई घाबरली आणि औषध मोरीत ओतून मोकळी झाली, तर बाटलीत कण कसे बसलेत याचा काय उपयोग?

"मग पुंजके खाली बसूच द्यायचे नाहीत," ती शेवटी म्हणाली. "त्यांना धरून ठेवेल असं काहीतरी हवं. उभ्या बाटलीत मलमासारखं, आणि हलवली की पाण्यासारखं."

"डिंक," दूधकाका म्हणाला. "पण कोणता, आणि किती?"

"किती, ते मला कण सांगतील."

त्यानंतरचे महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते. आपण नेमकं काय करतो आहोत आणि कुणासाठी करतो आहोत, हे तिला इतकं स्पष्ट पूर्वी कधी ठाऊक नव्हतं. दूधकाका वेगवेगळे डिंक घालून नमुने पाठवायचा. ती त्यात मणी सोडून बघायची, की ते मोकाट भटकतात की अडकतात, आणि अडकले तर किती घट्ट. डिंक जास्त झाला की औषध बाटलीबाहेर यायला मागत नसे. कमी झाला की पुंजके त्यातून खाली घसरायचे. एके दिवशी पडद्यावरचे मणी जागच्या जागी हलके थरथरताना दिसले, ना पळत होते ना गुदमरले होते, आणि नमुना जरा ढवळला की सैल होऊन वाहायचे, थांबलं की पुन्हा अडकायचे. तिने दूधकाकाला फोन लावला.

"जमलं," ती म्हणाली.

"तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री आहे म्हणूनच फोन केला. तरी बसमधून फिरवून आणू."

खोकं पुन्हा चालकाच्या मागे बांधलं गेलं. परत आलेल्या बाटल्या काचवाल्याने कापल्या, तेव्हा तळ स्वच्छ होते, आणि औषध दुधासारखं नसलं तरी नासलेल्या दुधासारखंही नव्हतं. दूधकाकाने ते उजेडात धरून बघितलं. "सायीसारखं आहे," तो म्हणाला, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

सरकारी तपासण्या, परवानग्या यांत पुढे पुष्कळ काळ गेला. डॉक्टरांनी आपल्याकडच्या मुलांवर नजर ठेवली, रक्त तपासलं, आणि पहिल्या चमच्यापासून शेवटच्या चमच्यापर्यंत औषध सारखं मिळतंय, असं लिहून दिलं. नवं औषध दुकानात आलं आणि भिंगरीच्या डोसचं प्रमाण एकदाचं ठरलं. झटके थांबले. गुंगी गेली. ती शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत उतरली आणि शेवटून दुसरी आली. त्याचा तिने इतका गाजावाजा केला, की सगळ्यांना वाटलं पहिलीच आली.

या औषधावरचा चिकटबाईचा निबंध छापून आला. त्यात बसचा मार्ग, रस्त्याची अवस्था आणि खोकं कुठे बांधलं होतं, हे सगळं होतं. दूधकाकाचं नावही लेखक म्हणून होतं. विभागप्रमुख सरांनी तो वाचला आणि तिच्या खोलीत येऊन उभे राहिले.

"रस्त्यावरचे खड्डे शास्त्रीय निबंधात घालणारी तू पहिलीच असशील."

"पुढच्या वर्षी आगबोटी घालणार आहे, सर. लाटांचे धक्के वेगळे असतात."

"रजा हवी आहे का त्यासाठी?"

"आता रजा नको. जागा हवी, आणि एक टेबल."

सरांनी शेजारची अडगळीची खोली रिकामी करून दिली. तिथे प्रवास केलेल्या द्रवांचा अभ्यास सुरू झाला. आधी औषधं आली, मग रंग, मग शेतात फवारायची द्रावणं. दूधकाका कारखान्यातून निवृत्त झाला, तेव्हा निरोप समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा कोट घालून तिच्या दारात हजर झाला.

"घरी बसून काय करू?" तो म्हणाला. "बायको म्हणते, तू सगळ्या डब्यांतलं सामान हलवून बघतोस."

तिने त्याला खुर्ची दिली आणि समोर एक नमुना ठेवला. लहान बाळांच्या तापाचं औषध होतं, दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यातलं. त्याने बाटली तिरकी करून बघितली.

"यात डिंक जास्त झालाय."

"जास्त नाही, जातच चुकीची आहे. कण बघा ना."

"कण नंतर बघू, आधी ओतून बघा. चमच्यातून सुटतंय का ते?"

"सुटतंय."

"तुमच्या चमच्यातून सुटतंय. बाळाच्या तोंडात चमचा तिरका जातो, बाई."

तिने दुसरा चमचा आणला आणि दोघं ओतून बघायला लागली.